बुद्धाला मराठीत घरी आणणारे धर्मानंद कोसंबी



वैशाखी पौर्णिमा जवळ आली की मस्कतमध्ये राहणाऱ्या श्रीलंकेच्या शेजाऱ्यांच्या घरी कुठे कुठे कागदी कंदील लागलेले दिसतात. आपली मुले विचारतात, हा कोणता सण? बुद्धजयंती, असे आपण सांगतो. मुलांचा पुढचा प्रश्न असतो की या बुद्धाने सांगितले तरी काय? तेथे पुष्कळ मराठी घरांत उत्तर अडते. बुद्ध म्हणजे दशावतारांतला नववा अवतार, एवढे आजीकडून ऐकलेले असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, हेही ठाऊक असते. पण त्याच्याही अर्धशतक आधी एका गोमंतकीय माणसाने बुद्धाचे वचन मूळ भाषेतून शिकून मराठीत आणले, हे फार थोड्यांना माहीत आहे. आज आपण त्या थोर पुरुषाच्या चरित्राची ओळख करून घेऊ. त्यांच्या चरित्राबरोबर बुद्धाची मूळ शिकवणही समजून घेता येईल, कारण ही शिकवण त्यांनी नुसती वाचली नाही, तिच्यासाठी आयुष्य वेचले.

त्यांचे नाव धर्मानंद दामोदर कोसंबी.

साखवाळचा मुलगा

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी एका सारस्वत कुटुंबात झाला. जुवारी नदीच्या काठचे हे गाव मुरगाव बंदरापासून फार दूर नाही. त्या काळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. आपल्याला रोज दिसणाऱ्या मस्कतच्या जलाली आणि मिरानी किल्ल्यांशीही त्याच पोर्तुगीजांचा इतिहास जोडलेला आहे. १५०७ ते १६५० या काळात मस्कत त्यांच्या ताब्यात होते आणि त्याचा कारभार गोव्याहून पाहिला जाई. ओमानी लोकांनी त्यांना १६५० साली बाहेर काढले. गोव्याला मात्र त्यासाठी १९६१ सालापर्यंत वाट पाहावी लागली.

अशा गोव्यात खेडेगावच्या मुलाला शिकायची सोय ती काय असणार? धर्मानंदांचे शाळेतले शिक्षण थोडक्यातच आटोपले. प्रकृती नाजूक होती. घरच्या नारळीच्या बागायतीची देखरेख त्यांच्याकडे आली. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न झाले. पत्नीचे नाव बाळाबाई. माडांना पाणी लावणे, नारळ मोजून घेणे, संध्याकाळी देवदर्शन, असे त्यांचे आयुष्य चारचौघांसारखे गेले असते. पण त्यांना वाचनाचे वेड होते. मराठी पुस्तके मिळतील तेथून आणून ते वाचीत. १८९७ च्या सुमारास 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात गौतम बुद्धाच्या चरित्रावरील एक लेख त्यांनी वाचला. लहान मुलांसाठी लिहिलेला तो लेख या एकवीस वर्षांच्या गृहस्थाच्या मनात असा रुजला की पुढे पन्नास वर्षे तो निघाला नाही.

विद्यार्थ्याच्या हातात कोणता कागद केव्हा पडेल आणि त्याचे पुढे काय होईल, हे कोणा गुरुजीला सांगता येत नाही. आम्ही शिक्षकी पेशातले असल्यामुळे या घटनेचे आम्हाला विशेष वाटते.

विद्येसाठी पायपीट

१८९९ साल संपता संपता धर्मानंदांनी घर सोडले. मागे पत्नी होती, आणि त्याच वर्षी जन्मलेली माणिक नावाची तान्ही मुलगी. बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा, एवढाच त्यांचा निश्चय होता. तो कुठे शिकवतात, कोणत्या भाषेत शिकवतात, याची नीट कल्पनाही नव्हती.

प्रथम ते पुण्यास गेले. तेथे थोर पंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. संस्कृत शिकणे आवश्यक होते, म्हणून ग्वाल्हेरमार्गे ते काशीला पोचले. काशीत गरीब विद्यार्थ्यांना अन्नछत्रात जेवण मिळे. त्यावर राहून त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला. पण काशीतही बुद्धाचे ग्रंथ शिकविणारे कोणी नव्हते. सारनाथ येथे बुद्धाने पहिला उपदेश केला, ते ठिकाण काशीपासून हाकेच्या अंतरावर. आणि त्याच काशीत बुद्धाचा एकही शब्द मूळ भाषेत ऐकायला मिळू नये, अशी आपल्या देशाची स्थिती होती.

नेपाळात बौद्ध धर्म जिवंत आहे असे कळल्यावर १९०२ च्या आरंभी ते खडतर वाटेने काठमांडूला गेले. तेथे स्तूप होते, पूजाअर्चा होती; पण त्यांना हवे होते ते ग्रंथांचे अध्ययन दिसले नाही. निराश होऊन ते बुद्धगयेला आले. ज्या पिंपळाखाली गौतमाला बोध झाला तेथेच त्यांना पुढची वाट सापडली. एका भिक्षूने त्यांना सांगितले की बुद्धाचे ग्रंथ शिकायचे असतील तर सिंहलद्वीपाला जायला हवे. कलकत्त्याच्या महाबोधी सभेची मदत घेऊन, मद्रासच्या वाटेने, मार्च १९०२ मध्ये धर्मानंद श्रीलंकेत उतरले.

सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश

कोलंबोला विद्योदय परिवेण नावाचे नामांकित विद्यापीठ होते. परिवेण म्हणजे भिक्षूंची पाठशाळा. तिचे प्रमुख सुमंगल महास्थविर यांनी या गोमंतकीय विद्यार्थ्याला आपल्या पंखाखाली घेतले. धर्मानंद तेथे श्रामणेर झाले, म्हणजे भिक्षुजीवनाची पहिली दीक्षा त्यांनी घेतली आणि पाली भाषेचा अभ्यास सुरू केला.

पाली ही प्राचीन भारतातलीच भाषा आहे. बुद्धाचा उपदेश तीत संग्रहित आहे. या संग्रहाला त्रिपिटक म्हणतात, म्हणजे तीन पेटारे. पहिल्यात भिक्षूंच्या आचाराचे नियम, दुसऱ्यात उपदेश आणि तिसऱ्यात तत्त्वविचार. दुर्दैव असे की भारतात हे ग्रंथ लुप्त झाले होते. ते सिंहली, ब्रह्मी आणि सयामी लिपीत टिकून राहिले. लंडनच्या पाली ग्रंथ संस्थेने १८८१ पासून ते रोमन लिपीत छापायला घेतले. पण देवनागरीत काही नव्हते. भारतात जन्मलेल्या बुद्धाचे शब्द वाचायला भारतीय विद्यार्थ्याला परदेशी अक्षरे गिरवावी लागत.

आम्ही मॉरिशसच्या मराठी घरात वाढलो. आमचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेले. त्यांच्या मागून आलेल्या पिढ्यांनी संध्याकाळच्या बैठकांत बाराखडी घोटून घोटून ही भाषा जपली. आपलीच वस्तू दूर बेटावर सांभाळली जाते आणि एक दिवस मूळ गावचा माणूस ती पाहायला येतो, यातले समाधान आम्हाला समजते. सिंहली भिक्षूंनी दोन हजार वर्षे सांभाळलेली ठेव धर्मानंदांच्या ओंजळीत घातली, तेव्हा त्यांनाही तसेच वाटले असेल.

तेथील अन्न व हवा प्रकृतीला मानवेना, म्हणून १९०३ साली ते मद्रासला परतले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन त्यांनी भिक्षूची पूर्ण दीक्षा घेतली. सगाईंगच्या टेकड्यांतील गुहांमध्ये ज्ञानतिलोक या जर्मन भिक्षूबरोबर त्यांनी ध्यानाचा अभ्यासही केला. जर्मनीचा एक आणि साखवाळचा एक, असे दोन परदेशी भिक्षू ब्रह्मी गुरूच्या पायाशी बसून भारतातली विद्या शिकत होते! त्यानंतर लुंबिनी, कुशिनारा या पवित्र स्थळांची यात्रा त्यांनी केली. भिक्षेवर आणि पायी, असा पुष्कळसा प्रवास झाला.

१९०६ साली त्यांनी भिक्षूची वस्त्रे उतरवली. शिकलेले ज्ञान लोकांना द्यायचे तर लोकांत राहायला हवे, असे त्यांना वाटले. कलकत्त्यात त्या वेळी स्वदेशीचे वारे होते. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयात आणि नंतर कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. सुमारे सात वर्षांनंतर ते गोव्याला गेले आणि पत्नीची व मुलीची भेट झाली. ३१ जुलै १९०७ रोजी त्यांना मुलगा झाला. हाच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झालेला दामोदर धर्मानंद कोसंबी.

येथे क्षणभर बाळाबाईंचा विचार करू. सात वर्षे त्या स्त्रीने तान्ह्या मुलीला घेऊन काढली. नवरा परत येईल की नाही, हे तिला ठाऊक नव्हते. ओमानमध्ये राहणाऱ्या आपल्यांपैकी कितीतरी जणांची कुटुंबे मागे गावी आहेत. निदान आपण महिन्याला पैसे पाठवतो, आठवड्याला फोन करतो. धर्मानंदांकडून त्या सात वर्षांत घराला काय मिळाले? काहीच नाही. गौतमाच्या चरित्रात यशोधरा आहे, तशी धर्मानंदांच्या चरित्रात बाळाबाई आहे. या ज्ञानाची किंमत एकट्या धर्मानंदांनी मोजली असे म्हणणे अन्यायाचे होईल.

पन्नास रुपये

कलकत्त्याला चांगला पगार होता, मान होता, आणखी बढतीही मिळणार होती. पण धर्मानंदांच्या मनाला एक टोचणी लागली होती. हे सारे आपण बंगाली विद्यार्थ्यांसाठी करतो. ज्या भाषेत बुद्धाचे नाव प्रथम वाचले त्या मराठीसाठी काय केले? बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रात कुठेही राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. कलकत्त्याचा अधिक पगार सोडून धर्मानंदांनी हे पन्नास रुपये पत्करले. १९०८ पासून तीन वर्षे ही वृत्ती त्यांना मिळाली.

घर सोडून परमुलखात येणारा बहुतेक माणूस अधिक पगारासाठी येतो, आणि त्यात वावगे काही नाही. पोराबाळांचे शिक्षण, गावचे घर, म्हाताऱ्या आईबापांचे औषधपाणी त्यातूनच होते. पण हा माणूस विद्या मिळवायला बाहेर गेला आणि ती घरी पोचवण्यासाठी कमी पगारावर परत आला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९१० साली त्यांचे 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे छोटे पुस्तक निघाले. 'बुद्धलीलासारसंग्रह', 'समाधिमार्ग', 'बौद्धसंघाचा परिचय', जातककथांचे व सुत्तनिपाताचे मराठी रूप अशी एकामागून एक पुस्तके पुढे आली. त्यांची भाषा साधी, वाक्ये लहान. संस्कृत न शिकलेल्या वाचकालाही ती समजतात.

बुद्धाने काय सांगितले

या पुस्तकांतून मराठी वाचकाला बुद्धाची जी शिकवण मिळाली, तिचा सारांश आता पाहू.

पहिल्या उपदेशात बुद्धाने दोन टोके टाळायला सांगितले. एक टोक चैनीचे, दुसरे शरीराला छळण्याचे. यांमधील वाट तो मध्यम मार्ग. मग त्याने चार सत्ये सांगितली. त्यांना चार आर्यसत्ये म्हणतात. वैद्य रोग्याला तपासतो तशी ही मांडणी आहे. पहिले, दुःख आहे: जन्म, जरा, व्याधी, मरण, प्रियाचा वियोग, अप्रियाचा सहवास. दुसरे, दुःखाला कारण आहे, आणि ते कारण म्हणजे तृष्णा. एक खोली मिळाली की दोन हव्यात, दोन मिळाल्या की बंगला हवा. मिळाले ते हातून जाऊ नये याची काळजी वेगळीच. तिसरे, तृष्णा सुटली की दुःख संपते. त्या अवस्थेला निर्वाण म्हणतात. चौथे, तेथे जाण्याचा मार्ग आहे.

या मार्गाची आठ अंगे आहेत: सम्यक् दृष्टी, सम्यक् संकल्प, सम्यक् वाचा, सम्यक् कर्मान्त, सम्यक् आजीव, सम्यक् व्यायाम, सम्यक् स्मृती आणि सम्यक् समाधी. सम्यक् म्हणजे योग्य, यथार्थ. गोष्टी आहेत तशा पाहणे, कोणाचे वाईट न चिंतणे, खोटे व कठोर न बोलणे, हिंसा, चोरी व व्यभिचार न करणे, हे यात आले. सम्यक् आजीव म्हणजे प्रामाणिक उपजीविका. शस्त्रांचा, माणसांचा, मांसाचा, दारूचा आणि विषाचा व्यापार उपासकाने करू नये, असे बुद्धाने सांगितले. सम्यक् व्यायाम म्हणजे तालीम नव्हे. मनातले वाईट विचार घालवण्याचा आणि चांगले वाढवण्याचा तो प्रयत्न. स्मृती म्हणजे आपण काय करतो, काय बोलतो, मनात काय चालले आहे याचे सतत भान. समाधी म्हणजे चित्ताची एकाग्रता.

गृहस्थासाठी पाच नियम सांगितले आहेत, तेच पंचशील: प्राण्याची हत्या करणार नाही, न दिलेले घेणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटे बोलणार नाही, मादक पदार्थ घेणार नाही. बुद्धाला, धर्माला आणि संघाला शरण जाणे याला त्रिशरण म्हणतात. त्रिशरण आणि पंचशील उच्चारले की माणूस उपासक होतो. त्यासाठी ना यज्ञ लागतो, ना जात विचारली जाते.

मनाच्या चार भावना बुद्धाने वाढवायला सांगितल्या. सर्वांविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, दुसऱ्याच्या चांगल्यात आनंद म्हणजे मुदिता, आणि जेथे आपला इलाज चालत नाही तेथे समतोल म्हणजे उपेक्षा. वर्गात चाळीस मुले सांभाळणाऱ्या शिक्षकाला या चारही रोज लागतात, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. त्यांतली मुदिता सर्वांत अवघड. शेजाऱ्याच्या मुलाला आपल्या मुलापेक्षा जास्त गुण मिळाले की ती आपली परीक्षा घेते.

आणखी एक गोष्ट धर्मानंदांनी आवर्जून सांगितली. बुद्धाच्या संघात जन्मावरून उच्चनीच नव्हते. शाक्य राजपुत्र संघात यायला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली नावाचा न्हावी होता. आपला अभिमान गळावा म्हणून राजपुत्रांनी उपालीला आधी दीक्षा द्यायला लावली. आधी दीक्षा घेईल तो ज्येष्ठ, असा संघाचा नियम. म्हणून राजपुत्रांना पुढे न्हाव्याला वंदन करावे लागे. हाच उपाली भिक्षूंच्या नियमांचा सर्वांत मोठा जाणकार झाला.

अमेरिका, पुणे, रशिया

१९१० साली हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. पाचव्या शतकात बुद्धघोषाने लिहिलेल्या 'विसुद्धिमग्ग' या महान ग्रंथाचे संपादन तेथे अपुरे राहिले होते. नारळीच्या बागेतला, शाळाही पुरी न केलेला हा माणूस अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या विद्यापीठात जाऊन बसला. तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयाबाबत मतभेद झाले, तेव्हा काम अर्धवट ठेवून ते १९१२ साली परतले. पुढे या कामासाठी आणखी तीनदा त्यांनी अमेरिकेची वारी केली. १९१८ साली गेले तेव्हा माणिक आणि दामोदर या मुलांनाही शिक्षणासाठी सोबत नेले. हार्वर्डची ही आवृत्ती छापून निघायला १९५० साल उजाडले. तोवर संपादक हयात नव्हते. मात्र त्याआधी, १९४० साली, तोच ग्रंथ त्यांनी भारतीय विद्याभवनातर्फे देवनागरी लिपीत प्रसिद्ध केला होता. भारतीय विद्यार्थ्याची परदेशी अक्षरांची अडचण तेवढ्यापुरती तरी दूर झाली.

१९१२ ते १९१८ ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक होते. पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९२२ पासून तीन वर्षे त्यांनी अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात महात्मा गांधींच्या प्रेरणेने काम केले. अमेरिकेत असताना त्यांनी समाजवादाचा अभ्यास केला होता. १९२९ साली ते लेनिनग्राडला जाऊन तेथील विद्वानांना पाली शिकवून आले. रशियाहून परतले ते थेट मिठाच्या सत्याग्रहात. मुंबईजवळ विलेपार्ल्याच्या छावणीत त्यांनी काम केले आणि तुरुंगवासही पत्करला. त्या वेळी त्यांचे वय चौपन्नाच्या घरात होते.

रोहिणीचे पाणी

१९४०-४१ साली त्यांचा 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्यांच्या चाळीसहून अधिक वर्षांच्या चिंतनाचे फळ त्यात आहे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्र रात्री गुपचूप घरातून निघून गेला, ही गोष्ट आपण सर्वांनी वाचलेली असते. धर्मानंदांनी विचारले की एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नव्हते, हे कसे संभवते? जुन्या पाली सुत्तांत तर आईबाप रडत असताना त्यांच्या समोरच गौतम घराबाहेर पडल्याचे सांगितले आहे. मग कारण काय असावे? शाक्य आणि कोलिय हे शेजारी गण. दोघांच्या मध्ये रोहिणी नदी. तिच्या पाण्यावरून दोघांत भांडणे होत. सुत्तनिपातातील एका जुन्या सुत्तात शस्त्र हाती घेतल्यानेच भय उत्पन्न होते आणि अपुऱ्या पाण्यातल्या माशांप्रमाणे माणसे तडफडतात, या आशयाचा विचार आला आहे. आपसांतले हे शस्त्राचे भांडण पाहूनच गौतमाला वैराग्य आले, असा निष्कर्ष धर्मानंदांनी काढला.

पाण्यावरून शेजाऱ्यांत वैर का येते, हे ओमानमध्ये राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. येथील डोंगरी गावांत फलजचे पाणी घरोघरी पाळीपाळीने वाटले जाते. दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर वेळ मोजण्याची जुनी पद्धत आहे. अशा पाच फलजांना युनेस्कोने २००६ साली जागतिक वारशाचा मान दिला. ज्या गावाने पाणी वाटायला शिकले ते गाव टिकले. शाक्य आणि कोलियांना ते साधले नाही. बुद्धाचा धर्म हा डोळे मिटून बसण्याचा धर्म नव्हे, तो माणसांनी एकमेकांशी कसे राहावे याचा विचार आहे, हे धर्मानंदांनी या एका गोष्टीने दाखवले.

या ग्रंथावर वादही झाला. बुद्धकाळी श्रमणांच्या आहारात मांस होते, असे त्यांनी लिहिले म्हणून जैन समाजातील अनेकांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. ज्याचा पुरावा सापडला ते लिहायचे, हा त्यांचा बाणा होता. पुढे साहित्य अकादमीने या ग्रंथाची भाषांतरे अनेक भारतीय भाषांत करविली. रोहिणीच्या पाण्याच्या तंट्याची हकीकत डॉ. आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्धावरील ग्रंथातही गृहत्यागाचे कारण म्हणून आली आहे.

परळ आणि सेवाग्राम

१९३७ साली मुंबईत परळच्या गिरणगावात बहुजन विहार उभा राहिला. त्यासाठी जुगलकिशोर बिर्ला यांनी द्रव्य दिले. विद्यापीठांतून शिकवलेले धर्मानंद साठीच्या वयात येथे कामगारांच्या वस्तीत येऊन राहिले. ज्यांना कोणी ज्ञान दिले नाही त्यांच्यापर्यंत बुद्ध पोचावा, ही त्यांची इच्छा होती.

वय वाढले तशी प्रकृती ढासळली. आपल्या हातून आता काही सेवा होत नाही, उलट दुसऱ्यांना आपली सेवा करावी लागते, हे त्यांना सहन होईना. जैन तीर्थंकर पार्श्वनाथ यांच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्या मनावर प्रभाव होता. अन्न सोडून देह ठेवावा, असे त्यांनी ठरवले. १९४६ साली उत्तर प्रदेशात दोहरीघाट येथे त्यांनी उपवास आरंभला. गांधीजींच्या आग्रहावरून तो सोडला. पुढे ते वर्ध्याजवळ सेवाग्राम आश्रमात आले. तेथे सुमारे महिनाभराच्या उपवासानंतर ४ जून १९४७ रोजी त्यांचे देहावसान झाले. स्वातंत्र्य अवघ्या दहा आठवड्यांवर आले होते. गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभेत त्यांना आदराने आठवले.

त्यांच्या या शेवटाविषयी मतभेद असू शकतात. ज्याने मध्यम मार्ग शिकवला त्याच्या शिष्याने उपवासाने देह ठेवावा का, असा प्रश्न आम्हालाही पडतो. म्हातारपणी दुसऱ्याची सेवा घेणे हा काही दोष नव्हे. आपल्या आईवडिलांची सेवा करताना आपल्याला ते ओझे वाटत नाही. पण त्यांचा हा निर्णय त्यांच्या स्वभावाला धरूनच होता. काशीच्या अन्नछत्रातल्या जेवणाची फेड ज्याने आयुष्यभर लिहून केली, त्याला फुकटचा घास घशाखाली उतरणे कठीण वाटले असावे.

आपल्याला काय घेता येईल

धर्मानंदांनी आपल्या आयुष्याची हकीकत 'निवेदन' या नावाने १९२४ साली प्रसिद्ध केली. ती मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत मोडते. त्यांची नात मीरा कोसंबी यांनी त्यांचे निवडक लेखन इंग्रजीत आणले, ते २०१० साली प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या घरातील मुलांना मराठी वाचणे जड जाते, त्यांनाही आता सबब उरली नाही. तरीसुद्धा आमची विनंती अशी की शक्य त्यांनी ही पुस्तके मराठीतच वाचावीत. सुटीत गावी जाल तेव्हा एखादे पुस्तक सामानात टाकून आणा. सोने आणि कपडे आपण नेतो-आणतो, त्यात पुस्तकाचे वजन ते किती!

मुलांना गोष्ट सांगायची झाली तर उपालीपासून सुरुवात करावी. मुलांना ती लगेच समजते आणि राजपुत्रांनी न्हाव्याला वाकून वंदन केले हे ऐकून ती हसतात, मग गप्प होतात. थोड्या मोठ्या मुलांना रोहिणीचे पाणी सांगावे. चार आर्यसत्ये त्यानंतर. आणि मूल विचारील की हे सगळे तुम्हाला कोणी सांगितले, तेव्हा साखवाळच्या त्या माणसाचे आणि बाळाबाईंचेही नाव त्याला जरूर सांगावे.